युंगीय विश्लेषक होण्याची पहिली पायरी : गोव्यातून केलेल्या पायाभूत अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाफ युंग यांच्या परंपरेतील विश्लेषक, म्हणजे संवादातून माणसाच्या मनाचा खोलवर शोध घेणारा उपचारक, होण्यासाठी जे दीर्घ शिक्षण घ्यावे लागते, त्याची पूर्वतयारी म्हणून एका परदेशी संस्थेने चालविलेला दोन वर्षांचा दूरस्थ अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी फोंड्यात समुपदेशनाचे काम करते आणि हे सारे शिक्षण गोव्यात राहूनच घेतले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण अशा स्वरूपाचे अभ्यासक्रम आता अनेक ठिकाणी चालतात, त्यांची रचना बरीचशी सारखी असते आणि माझ्या तक्रारीही एकाच संस्थेपुरत्या असतील असे मला वाटत नाही. अभिप्राय आधीच सांगते. शिकविण्याचा दर्जा उत्तम आहे, वाचन कसदार आहे आणि शिक्षक उत्तरे देण्यात कसूर करीत नाहीत. मात्र या शिक्षणाचा गाभा म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचे विश्लेषण करून घेणे, आणि त्या गाभ्याची व्यवस्था संस्था जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्यावर सोपवून मोकळी होते. गोव्यासारख्या ठिकाणाहून शिकणाऱ्यासाठी ही उणीव लहान नाही.

गाभा असे का म्हणते, ते थोडे स्पष्ट केले पाहिजे. दुसऱ्याच्या मनाचे विश्लेषण करू इच्छिणाऱ्याने आधी स्वतः विश्लेषणाला बसले पाहिजे, हा आग्रह युंग आणि त्यांच्या झ्युरिकच्या सहकाऱ्यांनी प्रथम धरला, आणि त्याचे श्रेय खुद्द मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ मध्ये झ्युरिकच्या मंडळींना दिले. पुढच्याच वर्षी युंग आणि फ्रॉइड यांची फारकत झाली, पण हा आग्रह दोन्ही परंपरांत टिकला. १९४८ मध्ये झ्युरिकला युंग यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि १९५५ मध्ये विश्लेषणात्मक मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज जगभर युंगीय विश्लेषक म्हणून ओळखले जाण्यासाठी याच संघटनेचे सभासदत्व प्रमाण मानले जाते, आणि तिच्या कुठल्याही वाटेने गेले तरी स्वतःच्या विश्लेषणाचे शेकडो तास चुकत नाहीत. व्याख्याने, परीक्षा, प्रबंध, देखरेखीखाली चालविलेली रुग्णांची प्रकरणे हे सगळे महत्त्वाचे असले तरी ते या तासांच्या आधारावर उभे असते. आपल्याच मनातील ज्या भागाकडे आपण पाहायचे टाळतो, तो भाग समोर बसलेल्या माणसात आपल्याला हमखास दिसू लागतो. हे पुस्तकातून कळते, पण सवयीच्या जागी रुजत नाही. त्यासाठी कोणीतरी जाणत्या व्यक्तीने आठवड्यामागून आठवडे आपले बोलणे ऐकावे लागते.

या कसोटीवर अभ्यासक्रम तपासला तर काय दिसते? प्रवेशाच्या वेळी ‘विश्लेषणाची सोय आहे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात विश्लेषकांची एक यादी मिळते. त्या यादीतील ज्यांना मी पत्रे लिहिली त्यांपैकी बहुतेकांकडे जागा नव्हती, काहींच्या वेळा भारतातून गाठणे अशक्य होते, आणि संस्थेच्या कार्यालयाकडे विचारणा केली असता यादीबाहेर जबाबदारी घेता येत नाही असे उत्तर आले. शेवटी मला विश्लेषक मिळाल्या त्या एका सहाध्यायिनीच्या ओळखीने. दोन वर्षांचे शुल्क घेणाऱ्या संस्थेने प्रवेश देण्यापूर्वीच प्रत्येक विद्यार्थ्यासाठी निदान एक रिकामी जागा निश्चित करावी, असे माझे ठाम मत आहे. व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण नंतरही ऐकता येते, पण विश्लेषणाविना गेलेले पहिले वर्ष भरून काढता येत नाही.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने प्रवेशापूर्वी कागदावर मांडावा. पुढील पूर्ण प्रशिक्षणासाठी विश्लेषणाचे ३०० तास धरले आणि सुट्ट्या वगळून वर्षाला ४० आठवडे मिळतात असे मानले, तर आठवड्याला एक तास या गतीने साडेसात वर्षे लागतात आणि आठवड्याला दोन तास बसले तर पावणेचार वर्षे. तासाला ५,००० रुपये धरले तरी रक्कम १५ लाख रुपये होते, आणि परदेशी विश्लेषकांचे दर बहुधा याहून अधिक असतात. त्यावर सुपरव्हिजनचे, म्हणजे आपण हाताळलेली प्रकरणे ज्येष्ठ विश्लेषकापुढे मांडून मार्गदर्शन घेण्याचे, तास, परीक्षा आणि प्रत्यक्ष भेटीसाठीचे प्रवास आलेच. काही विश्लेषक भारतातील उमेदवारांसाठी शुल्क कमी करतात, परंतु ते मागितल्याशिवाय मिळत नाही. मागण्यात कमीपणा मानू नये, कारण पैशाविषयी मोकळेपणाने बोलणे हाही विश्लेषणाचाच विषय आहे.

आता शिकविण्याविषयी. अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग मला शब्दसाहचर्याच्या प्रयोगाचा वाटला. युंग १९००च्या अखेरीस झ्युरिकच्या बुर्घोल्झ्ली मनोरुग्णालयात रुजू झाले आणि तेथे त्यांनी हा प्रयोग नावारूपाला आणला. शंभर शब्दांची यादी एकेक करून वाचायची, समोरच्याने मनात येणारा पहिला शब्द उच्चारायचा आणि उत्तराला लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवायचा. यादी संपली की तीच पुन्हा घेऊन आधीची उत्तरे आठवतात का ते पाहायचे. जेथे उत्तराला उशीर होतो, जेथे माणूस अडखळतो, हसतो, शब्द पुन्हा विचारतो किंवा आधीचे उत्तर विसरतो, तेथे भावनेने भारलेला एखादा गंड दडलेला असण्याची शक्यता असते. ‘न्यूनगंड’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण गंड ही गोष्ट मोजमापातून अशी डोळ्यांसमोर येऊ शकते, याची कल्पना मानसशास्त्राची पदवी घेतलेल्यांनाही बहुधा नसते. शिक्षकांनी हा प्रयोग नुसता सांगितला नाही, तर विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून एकमेकांवर करवून घेतला. मुंबईच्या एका सहाध्यायीबरोबर मी तो मराठीतून केला. शिक्षकांना मराठी येत नसतानाही त्यांनी वेळांचा तक्ता पाहून नेमके प्रश्न विचारले, आणि आपण स्वतःला पुरते ओळखतो हा माझा समज त्या तक्त्यातील काही आकड्यांपुढे टिकला नाही. ज्यांना युंग म्हणजे केवळ गूढवाद वाटतो, त्यांनी निदान या भागापुरता तरी अभ्यासक्रम पाहावा.

स्वप्नांचा गटही चांगला चालतो. एकाने स्वप्न सांगायचे, इतरांनी अर्थ सांगण्याची घाई न करता स्वप्न पाहणाऱ्याला त्यातील प्रत्येक वस्तूविषयी काय वाटते ते विचारायचे, आणि त्यानंतरच पुराणकथा, लोककथा, विधी यांतील समान धागे समोर ठेवायचे, अशी शिस्त शिक्षकांनी पाळली. आपल्याकडे स्वप्नाचा ‘अर्थ’ विचारण्याची आणि तो तत्काळ सांगण्याचीही सवय आहे. साप दिसला म्हणजे हे आणि पाणी दिसले म्हणजे ते, अशी उत्तरे घराघरांत तयार असतात. त्या सवयीला हा गट फार उपयुक्त उतारा आहे.

लोककथा आणि दैवते यांच्या अभ्यासात मात्र हीच शिस्त सुटते, आणि याविषयी माझा आक्षेप गंभीर आहे. वाचनाच्या यादीत ग्रीक पुराणे आणि ग्रिम बंधूंनी जमविलेल्या जर्मन कथा यांचा भरणा आहे. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याने आपले साहित्य आणावे असे सांगितले जाते, हे स्वागतार्ह आहे. मी एका निबंधासाठी गोव्यातील सातेरीचा विषय घेतला. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी ही देवी गावोगावी ग्रामदेवता म्हणून बसलेली आहे, आणि तिच्याभोवती जमीन, पाऊस, गावाचे हक्क व मान यांचे मोठे जाळे विणलेले आहे. शिक्षकांचा पहिला प्रतिसाद ती ‘महामाते’च्या आदिबंधाचे (आर्किटाइपचे) एक रूप असल्याचा होता, आणि चर्चा तेथून लगेच भूमध्य समुद्राकाठच्या देवतांकडे वळली. आदिबंध ही कल्पना चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. युंग यांच्या मते आदिबंध म्हणजे तयार चित्र नव्हे. तो मनाची एक घडण असते, आणि प्रत्येक समाज तिच्यात आपले रंग भरतो. म्हणूनच सातेरीच्या बाबतीत कौल लावणारी बाई काय विचारते, वारुळ वाढले तर गावात काय बोलले जाते, कोणाच्या घराण्याकडे कोणता मान आहे, हे आधी ऐकले पाहिजे. स्वप्नाच्या बाबतीत जो संयम शिकविला जातो, तोच दैवताच्या बाबतीतही पाळावा, एवढीच माझी मागणी होती, आणि ती मी निबंधात मांडली. श्रेय द्यावे लागेल ते हे, की परीक्षकांनी त्या मतभेदाचे गुण कापले नाहीत, आणि पुढच्या सत्रात मला लईराई, केळबाय, म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आदी सात बहिणींच्या श्रद्धेवर बोलण्यास वेळ दिला. एका बहिणीचा मान देवळात आणि दुसरीचा चर्चमध्ये असणे, आणि दोन्हीकडच्या भाविकांनी ते नाते जपणे, हे वर्गातील युरोपीय विद्यार्थ्यांना नवीन होते. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेला चक्रव्यूहासारखा गोलाकार दाखविल्यावर मात्र पुन्हा सगळ्यांनी एकमुखाने ‘मंडल’, म्हणजे युंग यांनी मनाच्या पूर्णतेचे प्रतीक मानलेली वर्तुळाकृती, असे म्हटले. ते कोरणाऱ्यांच्या मनात काय होते हे सांगणारे कोणी उरलेले नाही, आणि अशा ठिकाणी विश्लेषकाने थोडे थांबायला शिकले पाहिजे.

इतिहासाच्या व्याख्यानांत आणखी एक पोकळी मला गोमंतकीय म्हणून खुपली. नेणिवेच्या, म्हणजे मनाच्या आपल्याला जाणीव नसलेल्या भागाच्या, शोधाची कहाणी ‘प्राणिज चुंबकत्वा’ने उपचार करणाऱ्या मेस्मर यांच्यापासून सुरू होते आणि तेथून उडी मारून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या पॅरिसमध्ये संमोहनाचा अभ्यास करणारे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्याकडे पोचते. मध्ये आपले कांदोळीचे आबे फारिया गळून पडतात. १७५६ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले, आणि संमोहित अवस्था कोणत्याही अदृश्य चुंबकीय द्रवाने येत नसून ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या स्वतःच्या मनातून येते, असे प्रतिपादन केले. १८१९ मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा असलेला त्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे, पण तो कोणत्या विचारासाठी उभा आहे याची आठवण आपल्याकडेही क्वचितच काढली जाते. उपचाराचे बळ रुग्णाच्या मनातच असते, या विचाराचा धागा पुढे फार दूर गेला. युंग यांचा १९०२ चा डॉक्टरेटचा प्रबंधही निद्रावस्थेत बोलणाऱ्या एका तरुण माध्यम-मुलीच्या निरीक्षणावर आधारलेला होता. एका व्याख्यानात फारियांना दहा मिनिटे दिली असती तरी हा धागा विद्यार्थ्यांच्या हाती आला असता. मी ही सूचना लेखी दिली आहे.

युंग यांच्या स्वतःच्या मर्यादांविषयी अभ्यासक्रम प्रामाणिक आहे, आणि ही गोष्ट मला विशेष नोंदवावीशी वाटते. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर एका वैद्यकीय मानसोपचार संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, त्या काळात ज्यू आणि जर्मन मनांतील भेदाविषयी जे लिहिले, आफ्रिकेतील लोकांविषयी जी वसाहतवादी भाषा वापरली, त्यावर दोन पूर्ण सत्रे घेतली गेली. युंगीय विश्लेषकांच्याच एका गटाने २०१८ मध्ये खुले पत्र प्रसिद्ध करून आफ्रिकेविषयीच्या त्या लिखाणाने झालेल्या हानीची कबुली दिली, तेही वाचायला दिले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात युंग भारतात आले, अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता येथील विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या, कलकत्त्यात आमांशाने त्यांना रुग्णालयात पडून राहावे लागले, आणि रमण महर्षींना भेटण्याचे त्यांनी टाळले. हा प्रवास शिकविताना शिक्षकांनी त्यांच्या भारतविषयक मतांची स्तुती केली नाही. गुरूची मूर्ती करून तिच्यापुढे हात जोडणे आपल्याला सोपे जाते, म्हणून हा मोकळेपणा भारतीय विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी आहे.

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्ग मध्य युरोपच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. दुसऱ्या दिवशी सकाळी काम असणाऱ्याला हे जड जाते. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असतात. व्याख्यान तुटले तर ते पुन्हा ऐकता येते, परंतु विश्लेषणाच्या तासात एखादी अवघड गोष्ट अर्ध्यावर आलेली असताना पडदा गोठला तर त्याचा त्रास बराच वेळ राहतो. दुसरी जोडणी हाताशी ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकत्र कुटुंबाच्या घरात बसून आई-वडिलांविषयी मोकळे बोलता येत नाही. मी माझे सगळे तास कामाच्या जागी, दार बंद करून घेतले, आणि ज्यांना अशी जागा नाही त्यांनी प्रवेशापूर्वी ती शोधावी.

या अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे विश्लेषकाची पात्रता नव्हे. संस्थेच्या पत्रकात हे लिहिलेले असते, पण बारीक अक्षरांत, आणि गोव्यात ‘युंगीय थेरपिस्ट’ अशी पाटी लावण्याचा मोह एखाद्याला होऊ शकतो. तो टाळलाच पाहिजे. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि परदेशातील कोणतेही युंगीय प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही. पुढे खरोखर विश्लेषक व्हायचे असेल, तर ज्या प्रदेशांत प्रशिक्षण देणारी सभासद-संस्था नाही तेथील उमेदवारांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने ठेवलेल्या ‘राउटर’ नावाच्या वाटेची चौकशी करावी. तिच्यात योग्य पदवी, स्वतःचे विश्लेषण, सुपरव्हिजनखाली चालविलेली प्रकरणे, मधली परीक्षा आणि अंतिम परीक्षा असे टप्पे असतात. ज्यांना काही वर्षे परदेशात राहणे शक्य आहे, त्यांच्यासाठी युंग यांच्या नावाची वर सांगितलेली जुनी संस्था, जी झ्युरिकजवळच्या क्युस्नाख्तला आहे, आणि झ्युरिकमध्ये २००४ साली निघालेली दुसरी संस्था हे पर्याय आहेत.

हा अभ्यासक्रम कोणी करावा? ज्यांनी मानसशास्त्र, मानसोपचार किंवा समुपदेशन यांचे रीतसर शिक्षण घेतले आहे, ज्यांच्याकडे काही वर्षांचे प्रत्यक्ष काम आहे आणि स्थानिक पातळीवर सल्ला देणारे ज्येष्ठ आहेत, त्यांनी तो अवश्य करावा. आदिबंध हा शब्द मराठी समीक्षेतून ओळखीचा झालेल्या साहित्याच्या अभ्यासकांनाही यातून बरेच मिळेल, मात्र त्यांनी केवळ व्याख्यानांसाठी नाव नोंदवावे. ती सोय कमी शुल्कात असते आणि तिच्यात प्रकरणांचा भाग नसतो. स्वतः तीव्र मानसिक त्रासातून जात असलेल्या व्यक्तीने उपचाराला पर्याय म्हणून याकडे पाहू नये. नेणिवेशी केलेले काम काही वेळा माणसाला ढवळून काढते, आणि अशा वेळी बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयातील डॉक्टर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक हीच योग्य पहिली जागा आहे.

एक व्यवहार्य सूचना येथे करते. सुपरव्हिजनचा मोठा खर्च गटाने वाटून घेता येतो. संस्थेचे नियम गटातील तास काही प्रमाणात मान्य करतात, फक्त गट आधी नोंदवावा लागतो. गोवा, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या पट्ट्यातील चार-पाच जणांनी मिळून एक मराठी गट केला, तर प्रकरणे ज्या भाषेत घडली त्याच भाषेत मांडता येतील आणि परदेशी पर्यवेक्षकांसाठी फक्त सारांश इंग्रजीत करावा लागेल. आमच्या तुकडीत असा गट झाला नाही, कारण मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो. पुढच्या तुकडीचे अर्ज भरणाऱ्यांनी शुल्क देण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आपल्या वेळेला जुळणारी विश्लेषकाची जागा आज रिकामी आहे का, येथे झालेले विश्लेषणाचे तास पुढील प्रशिक्षणात धरले जातात का, आणि वर्ष अर्धवट सोडावे लागल्यास किती रक्कम परत मिळते. पहिल्या प्रश्नाला स्पष्ट होकार मिळत नसेल, तर एक वर्ष थांबून आधी विश्लेषक शोधावा आणि मग प्रवेश घ्यावा.